कॉइन रोल हंटिंग

बँकेतून दर्शनी किमतीला नाण्यांच्या बंद गुंडाळ्या घेऊन त्यांतील जुनी चांदीची नाणी वेचण्याचा छंद. तो मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ आहे.

पार्श्वभूमी : अमेरिकी डाइम (१० सेंट), क्वार्टर (२५ सेंट) व अर्धा डॉलर या नाण्यांत १९६४ पर्यंत ९०% चांदी असे. चांदीच्या टंचाईमुळे १९६५ च्या नाणे कायद्याने डाइम व क्वार्टरमधील चांदी काढून टाकली. अर्ध्या डॉलरमध्ये ती १९७० पर्यंत ४०% राहिली. लोकांनी चांदीची नाणी साठवली व ती व्यवहारातून झपाट्याने नाहीशी झाली. कमी मोलाचे चलन अधिक मोलाच्या चलनाला व्यवहारातून हुसकावते, या ग्रेशॅमच्या नियमाचे हे ठळक उदाहरण होय. मात्र ती आजही कायदेशीर चलन असल्याने घरोघरचे साठे बँकेत जमा होतात, तेव्हा काही नाणी पुन्हा गुंडाळ्यांत येतात.

पद्धत : एका गुंडाळीत ५० डाइम, ४० क्वार्टर किंवा २० अर्धे डॉलर असतात. अर्धा डॉलर रोजच्या व्यवहारात क्वचितच वापरला जात असल्याने शोधकांचा ओढा त्याकडे अधिक असतो. प्रथम नाण्याची कड पाहतात : नव्या नाण्यांच्या कडेवर तांब्याची रेघ दिसते, ९०% चांदीच्या नाण्याची कड सलग पांढरी असते. मग साल तपासतात. वजनही उपयोगी पडते : चांदीचे क्वार्टर ६.२५ ग्रॅ., तर नवे ५.६७ ग्रॅ. भरते. युद्धकाळातील (१९४२–४५) ३५% चांदीचे पाच सेंटचे नाणे मागील बाजूस माँटिचेलो वास्तूच्या घुमटावरील मोठ्या टांकसाळ-चिन्हावरून ओळखतात. उरलेली नाणी बँकेत परत भरता येतात; त्यामुळे खर्च मुख्यतः वेळ व श्रमांचाच होतो.