‘पसरणे’ आणि वत्सगुल्म

इंग्रजीतील ‘रेडिएट’ या क्रियापदाला मराठीत एक प्रतिशब्द देऊन भागत नाही. प्रकाश फाकतो, सुगंध दरवळतो, गर्दी पांगते, कीर्ती पसरते. ‘फाकणे’ म्हणताना उगम डोळ्यांसमोर राहतो. ‘पांगणे’ म्हणताना तो सुटतो. संस्कृत ‘प्र + सृ’पासून आलेले ‘पसरणे’ मात्र दुहेरी आहे. सतरंजी कोणीतरी पसरतो. धूर आपोआप पसरतो. या दुसऱ्या, अकर्मक प्रयोगात करणारा दिसत नाही. साहित्याचा इतिहास शिकवताना आम्ही नेमका हाच प्रयोग करतो: ‘वैदर्भी रीती सर्वत्र पसरली.’ कोणी पसरवली, हे विचारायचे राहून जाते.

या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा आमच्या वाशिममध्येच सापडतो. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा संस्थापक सर्वसेन (चौथे शतक) स्वतः कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज उपलब्ध नाही. परंतु नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाला त्याची दखल घ्यावीशी वाटली. सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशिमला सापडला. त्यातील वंशावळ संस्कृतात, तर दानाचा व्यवहार प्राकृतात आहे. म्हणजे लोकभाषेला येथे काव्यात आणि राजशासनात, दोन्हीकडे स्थान होते.

पुढे नवव्या-दहाव्या शतकांच्या संधिकाळी कनोजच्या दरबारातील राजशेखराने ‘कर्पूरमंजरी’च्या आरंभी वैदर्भी रीतीला ‘वच्छोमी’, म्हणजे वत्सगुल्माची, असे संबोधले. ‘काव्यमीमांसे’त तर त्याने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्मातच लावून दिला.

याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. तथापि रीतीला प्रदेशाचे नाव मिळते ते तिथल्या कवींच्या रचनेत ती आढळली म्हणून, प्रदेश तिला जन्म देतो म्हणून नव्हे, हे वामनाने राजशेखराच्याही आधी सांगून ठेवले आहे. आमचे वऱ्हाडी बोलणारे विद्यार्थी साहित्य कुठल्यातरी दूरच्या केंद्रातून आपल्याकडे पसरत आले, असे गृहीत धरतात. त्याऐवजी वाशिमला केंद्र ठरवणे हीदेखील तीच चूक होईल. काव्य रचणारा सर्वसेन, त्याची दखल घेणारा आनंदवर्धन, रीतीला नाव देणारा राजशेखर: पसरवणारी ही माणसे होती. म्हणून उत्तरपत्रिकेत ‘पसरली’ असे लिहिताना करणाऱ्याची जागा रिकामी सोडू नये, एवढेच आम्ही वर्गात सांगतो.