दलाल स्ट्रीटवरील एका गुणोत्तराची वाटचाल

समभागाच्या बाजारभावाला कंपनीच्या प्रतिसमभाग वार्षिक नफ्याने भागले असता मिळणाऱ्या आकड्याला किंमत-उत्पन्न गुणोत्तर, किंवा बाजाराच्या भाषेत ‘पीई’, असे म्हणतात. भाव २०० रुपये व नफा १० रुपये असल्यास ते २० येते. मुंबईच्या शेअर बाजारात हे गुणोत्तर रोजच्या उलाढालीतून ठरत आले असले, तरी नव्या भागविक्रीपुरता नफ्याचा पट किती धरायचा हे दीर्घकाळ सरकार सांगत असे.

१९४७ च्या भांडवल नियंत्रण कायद्यामुळे नवे समभाग किती अधिमूल्याने, म्हणजे दर्शनी किमतीपेक्षा किती अधिक दराने विकायचे, याला दिल्लीतील नियंत्रकाची संमती लागे. त्याच्या कार्यालयाच्या सूत्रात मागील काही वर्षांच्या करोत्तर नफ्याची सरासरी काढून उत्पादक कंपनीसाठी १५ टक्के, तर व्यापारी कंपनीसाठी २० टक्के दराने तिचे भांडवली मूल्य काढीत, म्हणजे पहिलीला नफ्याच्या साधारण पावणेसात पट आणि दुसरीला पाच पट मिळे; या मूल्याची कंपनीच्या निव्वळ मालमत्तेच्या मूल्याशीही सांगड घातली जाई. मागचा नफा मोजणाऱ्या या हिशेबात पुढच्या वाढीला जवळजवळ स्थान नव्हते, आणि म्हणूनच १९७३ च्या ‘फेरा’ या परकीय चलन नियमन कायद्यानंतर परकीय कंपन्यांनी आपला हिस्सा घटवताना विकलेले समभाग ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना बाजारभावातील तफावत आयतीच मिळाली. हे सूत्र सावध होते खरे, पण न्याय्य नव्हते.

१९९२ च्या तेजीत उलट टोक गाठले गेले. शेअर दलाल हर्षद मेहता याने कंपनी नव्याने उभारण्यास लागणाऱ्या खर्चावरून तिचे मोल करावे असा युक्तिवाद पुढे केला आणि त्यामुळे नफ्याचा भाजकच बाजूला पडला. एप्रिलमध्ये त्याचा रोखे घोटाळा उघडकीस आला, त्याच वर्षी नियंत्रणाचा कायदाही रद्द झाला आणि भागविक्रीची किंमत ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली.

या मोकळ्या काळातील सर्वांत बोलके उदाहरण १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसचे आहे. १९९३ मध्ये ९५ रुपयांना देऊ केलेल्या तिच्या समभागांना पुरेसे घेणारे मिळाले नव्हते, परंतु मार्च २००० अखेर तिचे बाजारमूल्य ५९,००० कोटी रुपयांवर गेले. त्या वर्षीचा नफा सुमारे २९४ कोटी असल्याने गुणोत्तर २०० च्या आसपास होते. पुढील वर्षी नफा दुपटीहून वाढून सुमारे ६२९ कोटी झाला, तरी बाजारमूल्य सुमारे २७,००० कोटींवर उतरले आणि गुणोत्तर ४३ वर आले. कंपनीने काही कमी केले नव्हते. २००० मध्ये मोजलेल्या भावात कित्येक वर्षांची वाढ आधीच धरलेली होती.

गुणोत्तराची जुनी मालिका वाचताना भाजक कोणता आहे हे मात्र तपासावे लागते. मार्च २०२१ अखेरपर्यंत राष्ट्रीय शेअर बाजाराच्या निफ्टी निर्देशांकाचे गुणोत्तर कंपन्यांच्या केवळ स्वतःच्या नफ्यावर काढले जाई, त्यानंतर उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरला जाऊ लागला. त्यामुळे या बदलाच्या आधीचे व नंतरचे आकडे सरळ एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नये.