चाकराच्या वेषातला दिग्दर्शक

१९२९च्या जानेवारीत ‘क्वीन केली’ या मूकपटाचे चित्रण अर्ध्यावर थांबले. नायिका ग्लोरिया स्वान्सन यांनीच दिग्दर्शक एरिक फॉन स्ट्रोहाइम यांना दूर करायला लावले होते. पुढे स्ट्रोहाइम मुख्यतः नट म्हणून जगले.

१९५० साली बिली वाइल्डर यांनी ‘सनसेट बुलेव्हार्ड’मध्ये दोघांना एकत्र आणले. स्वान्सन झाल्या विस्मृतीत गेलेली तारका; स्ट्रोहाइम तिचा नोकर मॅक्स, एकेकाळचा तिचा दिग्दर्शक आणि पहिला नवरा. मॅक्स तिला तिचा जुना मूकपट दाखवतो, तो ‘क्वीन केली’च.

शेवटी खुनाबद्दल तिला न्यायला पोलीस येतात. तिचे भान हरपलेले. बातमीपटाच्या कॅमेऱ्यांपाशी उभा राहून मॅक्स चित्रणाचा हुकूम देतो, ती जिना उतरते. स्ट्रोहाइम यांना त्यांची जागा परत मिळाली. पण दुसऱ्याच्या चित्रपटात, नट म्हणून.