थांबल्यानंतरचा आकडा

१९४३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात युद्धकामासाठी जमलेल्या संख्याशास्त्रज्ञांपुढे नौदलाच्या एका अधिकाऱ्याने तक्रार मांडली. दारूगोळ्याच्या चाचणीत हजारो फैरी झाडायच्या असतात; मुरलेल्या माणसाला मात्र काही शेकड्यांतच अंदाज येतो. मग उरलेला माल फुंकायचा कशाला? ॲलन वॉलिस आणि मिल्टन फ्रीडमन यांनी हा प्रश्न अब्राहम वाल्ड यांच्यापुढे ठेवला. प्रत्येक निरीक्षणानंतर ‘थांबायचे की पुढे जायचे’ हे ठरवणारी रीत वाल्डनी बसवली. युद्ध संपत येईपर्यंत ती गुप्तच राहिली. शोधनिबंध छापून आला तो १९४५ साली.

माल घ्यावा की नाकारावा, एवढ्यापुरती ही रीत चोख होती. पण ‘नेमका किती चांगला?’ असे विचारले की पंचाईत. आकडे चांगले दिसले म्हणून थांबलो, तर त्या चांगलेपणात नशिबाचा वाटाही मोजला जातो.

त्याच वर्षी, १९४५ साली, जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी दुर्मिळ गोष्टींच्या मोजणीपुरता यावर उपाय दिला. समजा, एका रक्तदोषाचे तीन रुग्ण मिळेपर्यंत तपासत राहायचे ठरले आणि तिसरा एकविसाव्या तपासणीत मिळाला. २१ पैकी ३ म्हणजे सातात एक? नाही. शेवटची तपासणी रुग्णाचीच निघणार, हे आधीच ठरलेले होते. म्हणून दोन्ही आकड्यांतून एक वजा करायचा: २० पैकी २, दहात एक. फरक थोडाथोडका नाही. हाल्डेन १९५७ साली भारतात आले, ते कायमचे. वाल्डही व्याख्यानांसाठी इथे आले होते. डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीतल्या विमान अपघाताने त्यांचा घास घेतला.

पुढे औषधचाचण्यांमध्ये मधूनमधून आकडे पाहण्याचे नियम पोकॉक (१९७७), ओब्रायन आणि फ्लेमिंग (१९७९) यांनी घालून दिले. तरी नशिबाने आलेला फुगवटा पुरता जात नाही. २०१० साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या अभ्यासात लवकर थांबवलेल्या ९१ चाचण्या त्याच प्रश्नांवरच्या ४२४ पूर्ण चाचण्यांशी ताडून पाहिल्या गेल्या. थांबवलेल्यांमध्ये उपचाराचा गुण सरासरीने बराच जास्त दिसत होता.

म्हणून थांबूच नये? एचआयव्हीवरच्या औषधाची एचपीटीएन ०५२ चाचणी पाहा. एका जोडीदाराला एचआयव्ही असलेली नऊ देशांतली १,७६३ जोडपी, पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही त्यात. जोडीदाराकडूनच झालेल्या एचआयव्हीच्या २८ लागणी. लवकर औषध सुरू केलेल्या गटात त्यांतली फक्त एक. २०११ साली मुदतीआधीच निकाल जाहीर करून सर्वांना औषध देऊ केले गेले, पाहणी मात्र चालू ठेवली. तेव्हा संरक्षण ९६ टक्के सांगितले होते; २०१६च्या अंतिम अहवालात ते ९३ भरले.