खाम नदी, 2018 चा कचरा आणि आपल्या स्वयंपाकघरातले दोन डबे

खाम नदी हर्सूलकडून शहरात येते. बेगमपुऱ्यात पानचक्कीला लागून, मेहमूद दरवाजाच्या पुलाखालून ती लोखंडी पूल आणि छावणीकडे जाते आणि पुढे गोदावरीला मिळते. एवढी मोठी नदी, पण शहरातली निम्मी माणसं तिला 'नाला' म्हणतात. वर्गात मुलांना शहरातली नदी कोणती असं विचारलं तर काही मुलं गोदावरी सांगतात. त्यात मुलांचा दोष नाही, त्यांनी खाममध्ये पाणी कमी आणि प्लास्टिकच्या थैल्या जास्त पाहिल्या आहेत.

खरं तर हे शहर पाण्याच्या हिशोबावर वसलेलं आहे. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली, तेव्हा नहर-ए-अंबरी बांधून डोंगराकडचं पाणी जमिनीखालून मोहल्ल्यांपर्यंत आणलं. नंतर 1744 च्या सुमारास बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात पानचक्की झाली. मातीच्या नळांतून आलेलं पाणी उंचावरून पाडून त्या जोरावर जातं फिरवायचं आणि खानकाहतल्या मुसाफिरांसाठी पीठ दळायचं, अशी ती व्यवस्था. ना डिझेल, ना वीज. पर्यटक हे पाहून थक्क होतात आणि बाहेर पडून पुलावर आले की नाकाला रुमाल लावतात.

नदीची ही अवस्था एका दिवसात झाली नाही, पण कचऱ्याचा प्रश्न खरा पेटला तो 2018 मध्ये. तीन दशकांहून जास्त काळ शहराचा सगळा कचरा नारेगावच्या डेपोवर टाकला जात होता. रोज साडेचारशे टनांच्या आसपास, ओला-सुका सगळा एकत्र. तिथल्या लोकांनी दुर्गंधी, माश्या, मोकाट कुत्री आणि खराब झालेलं विहिरींचं पाणी सोसलं. 16 फेब्रुवारी 2018 पासून त्यांनी गाड्या अडवल्या. मग महापालिकेने दुसरी जागा शोधायला सुरुवात केली. 7 मार्चला मिटमिट्यात दगडफेक झाली, वाहनं जळाली, पोलिसांचा लाठीमार झाला. शहरातल्या चौकाचौकांत कचऱ्याचे ढीग कित्येक महिने तसेच पडून होते. आपल्या घरातली घाण दुसऱ्याच्या दारात टाकायची आणि त्याने तक्रार केली की त्यालाच आडमुठा म्हणायचं, असा तो सगळा प्रकार होता. नारेगाव-मिटमिट्याच्या लोकांची बाजू तेव्हा शहरात फार कमी जणांनी घेतली.

त्या काळात शहरातल्या काही नागरिकांचा सिव्हिक रिस्पॉन्स टीम हा गट पुढे आला. लोक त्याला सीआरटी म्हणून ओळखतात. डेपो कुठे हलवायचा यावर भांडण्यापेक्षा घरातच कचरा वेगळा करा, म्हणजे डेपोची गरजच कमी होईल, असं त्यांचं म्हणणं. वॉर्डावॉर्डात जाऊन महिलांशी, सफाई कामगारांशी बोलणं हे त्यांचं मुख्य काम. यातल्याच नताशा झरीन आणि गौरी मिराशी यांनी पुढे इकोसत्त्व ही संस्था उभी केली. 2021 पासून महापालिका, छावणी परिषद, व्हेरॉक कंपनी आणि इकोसत्त्व यांनी मिळून खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचं काम हाती घेतलं. तेव्हाचे आयुक्त आस्तिककुमार पाण्डेय यांनी त्यात लक्ष घातलं. नदीपात्रातला कचरा काढणं, काठ दगडांनी बांधणं, झाडं लावणं, नागरिकांचं श्रमदान अशी कामं झाली. लोखंडी पुलाजवळ खाम इको पार्क उभं राहिलं. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या जागतिक संस्थेच्या शहरांसाठीच्या पुरस्कारात 2023-24 साली हा प्रकल्प अंतिम फेरीत होता.

पण नदी साफ करणं आणि नदी साफ ठेवणं यात फरक आहे. वरून नाले येतातच, आणि नाल्यात येतं ते आपल्या गल्लीतून.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारचा कचरा घरातच वेगळा करायचा होता. घातक म्हणजे जुन्या बॅटऱ्या, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं. चिकलठाणा, पडेगाव आणि हर्सूल इथे प्रत्येकी 150 टनांचे प्रक्रिया प्रकल्प आणि कांचनवाडीला ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा 30 टनांचा प्रकल्प उभा राहिला, तो याच हिशोबाने. भाजीच्या देठांत एक पॉलिथिनची थैली गेली की ती यंत्रात अडकते किंवा खतात उतरते. म्हणून भाजीचा कचरा थैलीत बांधून देऊ नका, डबा तसाच गाडीत रिकामा करा. आपल्याकडे नेमकी इथेच गडबड होते. बांधून दिलं की स्वच्छ वाटतं!

ज्यांच्याकडे गच्ची किंवा थोडं अंगण आहे, त्यांनी घरीच खत करून पाहावं. बादलीला खाली आणि बाजूला भोकं पाडायची, भाजीच्या सालींचा एक थर, वर वाळलेल्या पानांचा एक थर, अधूनमधून हलवायचं. साधारण दोन महिन्यांत काळं, मातीसारखं खत होतं. हाडं आणि मटणाचा उरलेला भाग मात्र त्यात टाकू नका, वास येतो आणि उंदीर-घुशी येतात. ते ओल्या कचऱ्याच्या गाडीतच द्या.

रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी एका दस्तरखानावर किती थर्माकोलच्या प्लेटा आणि प्लास्टिकचे ग्लास जातात, हे कुणी मोजत नाही. राज्यात त्यांच्यावर 2018 पासून बंदी आहे, तरी मिळतात. मोहल्ल्यात पन्नास-साठ स्टीलच्या प्लेटा आणि ग्लास एकदा वर्गणीतून घेऊन मशिदीत ठेवले तर वर्षानुवर्षं चालतात. निकाहच्या दावतीतही तेच भांडं कामी येतं. धुणार कोण, हा प्रश्न निघतो. मुलांची पाळी लावा, दोन दिवस कुरकुर करतील, तिसऱ्या दिवशी सवय होते.

बकरी ईदला कुर्बानीचे अवशेष नाल्यात टाकणं हा सगळ्यात वाईट प्रकार. एका घराने केलं तरी सगळ्या मोहल्ल्याचं नाव खराब होतं, आणि पाऊस पडला की तेच पाणी पानचक्कीजवळून वाहतं. त्या दिवशी आपल्या वॉर्डात गाडी कधी आणि कुठे येणार, हे ईदच्या आठवडाभर आधी वॉर्ड कार्यालयात विचारून मशिदीच्या फळ्यावर लिहून ठेवावं. अवशेष जाड पोत्यात एकत्र करून त्या गाडीतच द्यावेत.