बिऱ्हाड खाडीपलीकडे

गटाची बैठक संपते, हप्ते जमा होतात, वही मिटते, आणि मग खऱ्या गप्पा सुरू होतात. हल्ली त्यात एक विषय हमखास निघतो. कुणाचे मालक वाशीच्या मार्केटात आहेत, कुणाचा मुलगा तळोज्याच्या कारखान्यात लागलाय, आणि आता म्हणतात, खोली घेऊ, तुम्ही सगळे या. पण घ्यायची कुठं? घणसोलीला, खारघरला, उलव्याला? एकट्या गड्याला पाठ टेकण्यापुरती जागा कुठंही मिळते. बायको, दोन पोरं आणि दम्याची सासू बरोबर न्यायची म्हटलं की प्रश्न वेगळा होतो. आज आपल्या रेडिओवर मी त्या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे. नवी मुंबईच्या प्रत्येक वसाहतीत हा प्रश्न आधी कुणीतरी सोसून सोडवलेला आहे, आणि त्या सोसणाऱ्यांत बायकाच जास्त होत्या.

आधी जुन्या मुंबईकडे जाऊ. १९६१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका होत्या फक्त ६६३. बाकीच्या कुठं होत्या? आपल्याच गावांत. साताऱ्यात, कोकणात, जुन्नर-आंबेगावात. भात लावत होत्या, मनीऑर्डरची वाट बघत होत्या. गडीमाणसं मुंबईला गावकीच्या खोलीत राहायची. एका खोलीत एका गावची वीस-पंचवीस माणसं, प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. दिवसपाळीवाले उठले की रात्रपाळीवाले त्याच जागेवर आडवे व्हायचे. मस्जिद बंदर, दाणा बंदरचे हमाल तर गोदामाच्या ओट्यावरच झोपायचे. अशा जागी बाईमाणूस आणायचं कुठं? शहराला गड्याचे हात हवे होते, त्याच्या घरादाराची सोय शहरानं धरलीच नव्हती. या गड्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका गिरणगावात होत्या, त्यांची गोष्ट पुढे येईल.

१९६५ मध्ये तिघांनी एक आराखडा मांडला. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता. मुद्दाम तिसरं नाव सावकाश वाचते, कारण ते नेहमी घाईत उरकलं जातं. प्रवीणाबाई वास्तुरचनाकार होत्या, स्वातंत्र्याच्या चळवळीत भाग घेतलेल्या. मुंबई उत्तरेकडे लांबत चालली आहे, माणसं लोकलला लोंबकळताहेत. त्यापेक्षा खाडीच्या पूर्वेला जुळं शहर वसवा, असं तिघांचं म्हणणं. सरकारनं ते उचललं. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जागा ठरली. एकच मोठं शहर न करता निरनिराळ्या वसाहती करायच्या, त्यांना म्हणायचं नोड. वाशी, नेरूळ, बेलापूर, कोपरखैरणे, ऐरोली वगैरे. प्रत्येक नोडमध्ये सेक्टर, सेक्टरात शाळा, बाजार, मैदान, आणि लहान पोराला चालत जाता येईल एवढ्या अंतरावर प्राथमिक शाळा. कागदावर हे शहर कुटुंबासाठी होतं. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. त्या काळात एवढा विचार कुणी केला, हेच खूप होतं.

पण त्या ३४४ चौरस किलोमीटरवर आधीच कुटुंबं राहत होती. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं. आगरी आणि कोळी माणसं. भातखाचरं, मिठागरं, खाडीची मासळी. घणसोली, शिरवणे, करावे, सारसोळे, जुहूगाव ही आज स्टेशनांची किंवा सेक्टरांची नावं वाटतात, ती गावं आहेत. खाडीत निवटी, कोलंबी, कालवं मिळायची, ती काढून बाया बाजारात पाटी लावायच्या आणि तो पैसा त्यांच्या पदरात राहायचा. जमीन गेली तेव्हा मोबदला मिळाला सातबाऱ्यावर नाव असेल त्याला. सातबाऱ्यावर बाईचं नाव कितीसं असणार? वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका जन्मापासूनचा हक्क महाराष्ट्रात आला १९९४ च्या दुरुस्तीनं, आणि जमिनी गेल्या त्या आधीच्या वीस-पंचवीस वर्षांत. कालवं काढायची खाडी बुजली, त्याचा तर हिशेब कुठल्याच कागदावर नव्हता.

मोबदला फार तुटपुंजा होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभं राहिलं. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात जासई आणि आसपास पोलिसांनी गोळीबार केला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली: घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांच्या हिशेबानं विकसित भूखंड परत द्यायचा. पुढे देशात इतर ठिकाणीही भूसंपादनाची चर्चा निघाली की या योजनेचं नाव घेतलं जाऊ लागलं. आपण 'नवीन' सेक्टरात खोली बघतो तेव्हा ती कुणाच्या भाताच्या खाचरावर आहे हे माहीत असावं. शेजारच्या गावठाणातल्या मावशीशी बोलताना बोलणं वेगळं होतं.

आता पहिली माणसं आली ती वाशीला. खाडीवरचा पूल १९७३ मध्ये झाला. आणि रेल्वे? मानखुर्दहून वाशीला गाडी आली मे १९९२ मध्ये. मधली एकोणीस वर्षं मोजा. पुलावरून बस, आणि बस चुकली की दुसरीची वाट. नवरा पहाटे मुंबईला जायचा तो रात्री यायचा. दिवसभर बाई, पोरं, रिकामे प्लॉट आणि वारा. नातेवाईक 'एवढ्या लांब कुठं यायचं' म्हणायचे. घर स्वस्त होतं, मुंबईपेक्षा ऐसपैस होतं, पण ताप आला तर रिक्षा कुठली आणि ओळखीचं दार कुठलं? इंग्लंडातही असंच झालं होतं. लंडनची गर्दी कमी करायला १९४७ मध्ये हार्लोसारखी नवी शहरं ठरवली गेली. घरं छान, बागा छान, पण तिथल्या बायका एकटेपणानं खंगायला लागल्या, तेव्हा लोकांनी त्याला नव्या शहराचं दुखणं असं नावच पाडलं. आपल्याकडे असं नाव कुणी दिलं नाही. बायकांनी हळदीकुंकू, भजनी मंडळ आणि भिशी काढली. भिशीकडे कुणी इतिहास म्हणून बघत नाही, पण वाशी राहण्याजोगी झाली त्यात तिचा वाटा होता, असं माझं मत आहे.

रेल्वेच्या त्या मार्गाच्या खर्चाचा दोन तृतीयांश भाग सिडकोनं उचलला होता. म्हणजे घरांच्या विक्रीतून आलेल्या पैशातून, आधी राहायला आलेल्यांच्या खिशातून स्टेशन झालं. घर आधी, गाडी मागून, हा नवी मुंबईचा क्रम तेव्हापासून पडला. इमारतींचंही सगळं गोमटं नव्हतं. वाशीतल्या जेएन टाइपच्या सिडकोच्या इमारती काही वर्षांतच जीर्ण झाल्या, छताचे गिलावे पडू लागले, पुढे त्या धोकादायक ठरल्या आणि पुनर्बांधणीसाठी लोकांना वर्षानुवर्षं थांबावं लागलं.

यानंतरचा भाग आपल्या सगळ्यात जवळचा. माथाडी कामगारांचा. पाटण, जावळी, शिराळा या डोंगरी तालुक्यांतून गडी मुंबईला ओझी वाहायला गेले. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना संघटित केलं, आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. ज्याच्या डोक्यावर ओझं, त्याच्या नावाची मंडळात नोंद, हिशेबानं मजुरी, भविष्य निर्वाह निधी. असा कायदा देशात पहिलाच. पण गडी अजून ओट्यावरच झोपत होता. मुंबईचे घाऊक बाजार खाडीपलीकडे हलले तेव्हा चित्र बदललं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कांदा-बटाटा आला, मग धान्य, मसाला, आणि १९९६ च्या सुमारास भायखळ्याची भाजी आणि क्रॉफर्ड मार्केटची फळं. काम इकडे आलं तशी माथाड्यांची घरंही इकडे झाली. कोपरखैरण्याची बैठी घरं, घणसोलीची सिम्प्लेक्स आणि घरोंदा. एक खोली, मोरी, पुढं ओटा. आणि त्या घरांत पहिल्यांदा बाई आली, पोरं आली.

ती आली ती सुखात आली असं समजू नका. गावी चार खणांचं घर, परसात शेवगा, आणि इथं नळाला दोन तास पाणी. पण सासू-सासऱ्यांचं करून वर्षातून एकदा यात्रेला नवरा भेटणाऱ्या बाईला रोज रात्री नवरा घरी जेवायला येणं, पोरांनी बापाला ओळखणं, याची किंमत काय लावाल? आज कोपरखैरण्याच्या बाजारात उभं राहिलात तर पाटणची बोली ऐकू येते. गावातली माणसं एकाच आळीत येऊन राहिली म्हणून बाई एकटी पडली नाही. मार्केटात लसूण-मिरची निवडण्याची कामं मिळाली, पोळी-भाजीची गिऱ्हाईकं मिळाली. शाळा बरी, स्टेशन जवळ, हे नंतरचं. आधी शेजार.

खानावळवाल्यांची गोष्ट सांगते म्हणाले होते. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये गिरणगावातल्या अशा बायका एकत्र केल्या. पहिल्यांदा चौदाजणींना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, सावकाराच्या दारातून सोडवलं. त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. आपण ज्याला आज गट म्हणतो त्याची ही मोठी बहीण. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, डबे कमी झाले, आणि पुढे मंडळाचं काम खाडी ओलांडून वाशीलाही पोचलं. माणसं जिथं बिऱ्हाड हलवतात तिथं बाईचा धंदाही हलतो का, हे विचारायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडत नाही.

एक नमुना मला फार आवडतो, तो बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजचा. १९८० च्या दशकात चार्ल्स कोरियांनी केलेला. सात-सात घरांच्या मध्ये एक अंगण, आणि दोन घरांच्या भिंती एकमेकींना लागून नाहीत. का? तर ऐपत वाढेल तसं शेजाऱ्याची परवानगी न मागता घर वाढवता यावं. आपल्या गावच्या घरासारखंच, मुलगा मोठा झाला की खोली काढली. पुढे अनेकांनी तिथं मजले चढवले, मूळचं रूप राहिलं नाही, याचं शहरातल्या जाणकारांना वाईट वाटतं. मला वाटत नाही. घर वाढायलाच बांधलं होतं.

आता आजची गोष्ट. 'नवी मुंबई' हे एक नाव असलं तरी कारभारी तीन आहेत. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महानगरपालिका, जिचा कारभार १९९२ पासून सुरू झाला. तिनं मोरबे धरण स्वतःचं घेतलं, म्हणून तिथं पाण्याची ददात तुलनेनं कमी. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत. उलवे आणि द्रोणागिरी अजून सिडकोकडे. खारघरला चकचकीत इमारती आहेत, आणि पाण्यासाठी हंडे घेऊन बायकांचे मोर्चेही निघालेले आहेत. जाहिरातीत हंडा दिसत नाही. उलव्याला लोक राहायला गेले तेव्हा गाडी नव्हती. खारकोपरपर्यंत लोकल आली नोव्हेंबर २०१८ मध्ये, उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये. वाशीचाच क्रम पुन्हा. आणि विमानतळासाठी दहा गावं उठली, म्हणजे ९५ गावांचाही तो क्रम संपलेला नाही.

म्हणून खोली बघायला जाल तेव्हा दलालाबरोबर रविवारी दुपारी जाऊ नका, तेव्हा सगळंच शांत आणि छान असतं. साध्या दिवशी सकाळी सहाला जा आणि नळ बघा. संध्याकाळी सातला स्टेशनपासून इमारतीपर्यंत स्वतः चालत या, दिवे आहेत का, दुकानं उघडी आहेत का. अंगणवाडी विचारा, सरकारी दवाखाना विचारा. तळमजल्यावरच्या बाईला विचारा, ती दहा मिनिटांत जे सांगेल ते दलाल दहा महिन्यांत सांगणार नाही. स्टेशन 'होणार आहे' असं कुणी म्हणालं तर वाशीची एकोणीस वर्षं आठवा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सिडकोनं २६ हजार घरांची योजना जाहीर केली, तिचं नावच 'माझे पसंतीचे सिडकोचे घर'. अर्जात पसंतीक्रम भरायचा होता: तळोजा, खारघर, वाशी, खारकोपर. तो रकाना घरात बसून दोघांनी मिळून भरायचा असतो, मुलाच्या मोबाइलवर घाईत दाबायचा नसतो. अर्जदार कोण, तेही बघा. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पंचवीस लाखांच्या घरावर ते पंचवीस हजार होतात. त्या पैशात घणसोलीतल्या एका गटानं पिठाची गिरणी घेतली आहे. तिच्या दळणावळीचा हिशेब पुढच्या वेळी सांगते.