कोठारातलं बी आणि नारळाचं पाणी

टिश्यू कल्चर हा शब्द आपल्या भागात केळीच्या रोपांमुळे पोचला. मी मात्र आज आमरीपासून, म्हणजे ऑर्किडपासून सुरुवात करतो. माणूस तत्त्वज्ञानाचा, त्यामुळे वाट जरा न्यायशास्त्रातून जाईल.

कोठारातलं बी का उगवत नाही? या साध्या प्रश्नावर नैयायिक आणि बौद्ध शतकानुशतकं भांडले. बौद्ध म्हणाले, उगवणारं बी वेगळंच असतं. उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेका’त उत्तर दिलं की बी तेच आहे, त्याला माती-पाण्यासारखे सहकारी मिळालेले नाहीत.

आमरीचं बी हे कोठारातलं बीच समजा. धुळीसारखं बारीक, सोबत शिदोरी जवळपास नाही. 1899 मध्ये फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी दाखवलं की जंगलात त्याला एक बुरशी मदत करते. मग बुरशी हवीच, असं ठरून गेलं. 1922 मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी बुरशी वगळली, क्षार आणि साखर दिली. बी उगवलं! बर्नार यांच्याकडे अन्वय होता: बुरशी आहे, अंकुर आहे. नडसन यांनी व्यतिरेक तपासला: बुरशी नाही, तरी अंकुर आहे. म्हणजे जंगलात जो सहकारी लागतो, तो बाटलीत बदलता येतो.

मग बाटलीत स्वयंपाकघर शिरलं. केळ्याचा गर, बटाटा, टोमॅटोचा रस आणि नारळाचं पाणी. इथं शब्दाची एक गफलत सांगतो. इंग्रजी शोधनिबंधांत ‘कोकोनट मिल्क’ लिहिलेलं असतं, पण ते आपलं खोबरं वाटून पिळलेलं दूध नव्हे. ते नारळातलं पाणी. 1941 मध्ये व्हॅन ओव्हरबीक आणि सहकाऱ्यांनी ते धोतऱ्याच्या कोवळ्या भ्रूणांना दिलं, 1948 मध्ये कॅप्लिन आणि स्टुअर्ड यांनी गाजराच्या पेशींना. वाढ झाली, पण कशामुळे? त्या शोधाच्या काळातच, 1955 मध्ये, कायनेटिन सापडलं आणि पेशीविभाजन घडवणाऱ्या सायटोकायनिन द्रव्यांची ओळख झाली. नारळपाण्यातही ती निघाली.

नाव कळलं म्हणजे नारळाची गरज संपली? आपल्या पुण्याचं उदाहरण घ्या. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या नाडगौडा, पराशरामी आणि मस्करेन्हस यांनी 1990 मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं: एरवी फुलायला दशकं घेणारा बांबू बाटलीत काही महिन्यांत फुलला. माध्यमात तयार सायटोकायनिन होतं, आणि नारळाचं पाणीही. कारण एकटं नसतं, कारणसामग्री असते.

अडचण अशी, की शहाळ्याचं पाणी आणि पिकल्या नारळाचं पाणी सारखं नसतं. म्हणून प्रयोगवहीत नारळ कोवळा की जून, पाणी किती, हे लिहावं लागतं. आणि एक बाटली नारळाविना ठेवावीच लागते.

हे करमाडला का सांगतोय? कारण दुकानात ‘नैसर्गिक’ म्हणून बाटल्या मिळतात, आणि पीक चांगलं आलं की श्रेय बाटलीला जातं. त्या वर्षी पाऊसही चांगला झालेला असतो, हे आपण विसरतो. हा नुसता अन्वय झाला. पुढच्या वेळी दोन ओळी फवारणीविना सोडा, बाकी सगळं सारखं ठेवा. काढणीला दोन्हींचं वजन करा, मग पुढच्या बाटलीचे पैसे द्यायचे की नाही ते ठरवा. एवढंच सांगायचं होतं.